खंडानंतर पुन्हा अध्यापन आणि सोबत वर्गातील तंत्रज्ञानाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम: सुरुवात कोठून करावी?

पुन्हा_फळ्यापाशी

सप्रेम नमस्कार.

माध्यमिक वर्गांना गणित आणि विज्ञान शिकवण्याचे काम मी कौटुंबिक कारणांमुळे सोडले, त्याला आता बरीच वर्षे झाली. मधल्या काळात शिकवण्याही घेतल्या नाहीत, त्यामुळे वर्गाशी असलेला संबंध जवळजवळ तुटलाच. येत्या सत्रापासून पुन्हा शाळेत रुजू व्हायचे ठरले आहे आणि त्याची तयारी म्हणून वर्गातील तंत्रज्ञान या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला मी प्रवेश घेतला आहे. पहिले काही महिने नोकरी आणि अभ्यासक्रम ही दोन्ही कामे बरोबरच चालतील.

मी शिकवत होते तेव्हा प्रोजेक्टर एका खोलीत कुलूपबंद असे आणि किल्ली मिळेपर्यंत तासिकेचा बराचसा भाग सरलेला असे. आता अभ्यासक्रमाचा आराखडा हातात आला आहे, त्यात ऑनलाइन वर्ग चालवण्याच्या प्रणाली, व्हिडिओ तयार करणे, ऑनलाइन चाचण्या, सर्व विद्यार्थ्यांसाठी सुलभ साहित्य, विद्यार्थ्यांच्या माहितीची गोपनीयता आणि कृत्रिम बुद्धिमत्ता असे घटक आहेत. जवळजवळ प्रत्येक आठवड्याला एक नवे साधन हाताळायचे, त्यावर टिपण लिहायचे आणि सहाध्यायींच्या टिपणांवर मत द्यायचे, अशी रचना दिसते. हे सगळे शिकून घेण्याची माझी तयारी आहे, परंतु यातले वर्गात नेमके काय उपयोगी पडणार, हे आताच ठरवले नाही तर अभ्यासक्रम एकीकडे आणि वर्ग दुसरीकडे असे होईल, अशी धास्ती वाटते.

अभ्यासक्रमातील स्वाध्याय आणि वर्गातले प्रत्यक्ष काम एकमेकांच्या उपयोगी कसे पाडावे, मोजकीच साधने निवडायची झाल्यास निवडीचा निकष कोणता ठेवावा, आणि वयाने लहान असलेले सहकारी या साधनांत माझ्यापेक्षा कितीतरी तरबेज असताना माझ्या जुन्या अनुभवाला काही किंमत उरते का, या तीन गोष्टींवर जाणकारांचे मत हवे आहे.

---

खडू_आणि_पडदा

ताई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्या दोहोंची उत्तरे त्याच्याच पोटात आहेत.

ली शुलमन यांनी १९८६ मध्ये असे मांडले की विषयाचे ज्ञान आणि शिकवण्याच्या सर्वसाधारण पद्धतींचे ज्ञान यांखेरीज शिक्षकाजवळ एक तिसरे ज्ञान असते. हा विशिष्ट घटक शिकताना मुले कोठे अडखळतात, ती कोणती चुकीची समजूत घेऊन वर्गात येतात आणि कोणते उदाहरण दिले की गाडी पुढे सरकते, हे ते ज्ञान. पुण्या मिश्रा आणि मॅथ्यू केलर यांनी २००६ मध्ये त्यात तंत्रज्ञानाची भर घातली आणि टीपॅक या नावाने ओळखली जाणारी चौकट मांडली. एकमेकांत गुंतलेल्या तीन वर्तुळांचे ते चित्र तुमच्या अभ्यासक्रमात लवकरच समोर येईल. ते आले की शांतपणे पाहा: विषय आणि अध्यापन ही दोन वर्तुळे तुमच्याकडे भरलेली आहेत, तिसरे भरण्यासाठी तुम्ही प्रवेश घेतला आहे. तरबेज तरुण सहकाऱ्याला साधन कसे चालवायचे हे ठाऊक असेल, पण ऋण संख्येतून ऋण संख्या वजा करताना मुलांची कोणती पायरी सुटते हे त्याला अजून पुष्कळ वह्या तपासल्यानंतरच कळणार आहे.

म्हणून साधनांची यादी तूर्त बाजूला ठेवा आणि अडखळण्याच्या जागांची यादी करा. गणित-विज्ञानात ती सहज होईल. उदाहरणादाखल अंतर-काळ आलेख घ्या. टेकडी चढून उतरणाऱ्या सायकलस्वाराचा आलेख काढायला सांगितला की बरीच मुले टेकडीच काढतात, कारण आलेख म्हणजे रस्त्याचे चित्र अशी त्यांची ठाम समजूत असते. आडवी रेषा दिसली की वस्तू सपाट रस्त्याने चालली आहे असे ती म्हणतात, प्रत्यक्षात ती थांबलेली असते. खाली येणारी रेषा त्यांना उतार वाटतो, खरे तर वस्तू आरंभस्थानाकडे परत येत असते. फळ्यावर हे कितीही समजावले तरी परीक्षेत टेकडी पुन्हा उगवते, याचा अनुभव तुम्हीही घेतला असेल.

आता हे पाहा. अंतर मोजणारा संवेदक संगणकाला जोडतात, मुलगा त्याच्यासमोर मागे-पुढे चालतो आणि तो चालत असतानाच पडद्यावर रेषा उमटत जाते. थांबलो की रेषा आडवी होते, मागे वळलो की ती खाली वळते. ही सांगड शरीराला कळते. हेदर ब्रासेल यांनी १९८७ मध्ये शालेय विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात एका गटाला आलेख त्याच क्षणी दिसत होता आणि दुसऱ्या गटाला तोच आलेख हालचाल संपल्यावर थोड्या सेकंदांच्या विलंबाने दाखवला जात होता. एवढ्याशा विलंबाने बहुतेक फायदा नाहीसा झाला. म्हणजे काम करत होता तो एककालिकपणा, आणि तो खडूने साधता येत नाही. साधनाच्या निवडीचा निकष इथे सापडतो: माझ्या विद्यार्थ्यांची अडचण कोणती, ती सोडवण्यासाठी कोणती गोष्ट घडावी लागते, आणि ती गोष्ट हे साधन घडवते का?

याच निकषाने पुष्कळ ठिकाणी साधन गळून पडेल. अपूर्णांकांची बेरीज समजवायला कागदाच्या घड्या पुरतात. पडद्यावरच्या रंगीत पट्ट्या त्याहून वेगळे काही करत नाहीत, उलट मुलांच्या हातातले काम काढून घेतात. हेसुद्धा अभ्यासक्रमाच्या टिपणात लिहिता येते, आणि समजूतदार प्राध्यापक अशा टिपणाला साधनाच्या स्तुतीपेक्षा जास्त गुण देतात.

स्वाध्यायांबद्दल एकच सूचना आहे. विषय निवडण्याची मुभा असेल तेथे काल्पनिक वर्गासाठी काहीही करू नका. यादीतल्या दोन-तीन जागा पक्क्या करा आणि व्हिडिओचा स्वाध्याय असो, चाचणीचा असो की सुलभतेचा, प्रत्येक वेळी त्याच घटकांवर काम करा. सत्र संपेपर्यंत त्या घटकांचे वापरण्याजोगे साहित्य तयार झालेले असेल.

---

शंकेखोर

वरील प्रतिसादाशी बव्हंशी सहमत आहे, तरीही थोडे थंड पाणी ओतणे आवश्यक वाटते, कारण अशा अभ्यासक्रमांतील वाचनसाहित्य उत्साहाच्या बाजूला कलते.

थॉमस एडिसन यांनी १९१३ मध्ये असे भाकीत केले होते की चित्रपटामुळे शाळेतील पुस्तके लवकरच कालबाह्य होतील. १९२० च्या दशकात सिडनी प्रेसी यांनी स्वतःच उत्तरे तपासणारे यंत्र बनवले, १९५० च्या दशकात बी. एफ. स्किनर यांनी आपली अध्यापन यंत्रे मांडली, १९६० मध्ये इलिनॉय विद्यापीठात प्लेटो ही संगणकावर शिकवणारी प्रणाली सुरू झाली. यातले प्रत्येक काम आपापल्या जागी बुद्धिमान होते, आणि तरीही सर्वसाधारण वर्ग ज्या प्रमाणात बदलेल असे सांगितले गेले त्या प्रमाणात तो बदलला नाही. कारणेही दर वेळी जवळपास तीच: शिक्षकाला तयारीला वेळ नाही, अभ्यासक्रम आणि परीक्षा जुन्याच, आणि साधन कोणी निवडले याच्याशी ते वापरणाऱ्याचा संबंध नाही. रुजू झाल्यावर तुमच्या शाळेत यांपैकी किती कारणे हजर आहेत, हे पाहण्यासारखे आहे.

दुसरा मुद्दा संशोधनाचा. रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये असा दावा केला की माध्यमामुळे शिकण्यात फरक पडत नाही, शिकवण्याच्या पद्धतीमुळे पडतो. किराणा वाहून आणणारी गाडी बदलल्याने जसा आपल्या पोषणात फरक पडत नाही, तसे माध्यम हे केवळ वाहन आहे, अशी त्यांची प्रसिद्ध उपमा. रॉबर्ट कोझ्मा यांनी १९९० च्या दशकात त्याला उत्तर दिले की काही माध्यमे काही विशिष्ट गोष्टी करू शकतात आणि त्या गोष्टींचा शिकण्यावर परिणाम होतो. खडू_आणि_पडदा यांचे संवेदकाचे उदाहरण कोझ्मा यांच्या बाजूचे दिसते. मात्र क्लार्क यांचा प्रतिप्रश्न मला आजही उपयोगी वाटतो: हाच परिणाम दुसऱ्या एखाद्या, कदाचित स्वस्त, साधनाने मिळवता येतो का? मिळवता येत असेल तर श्रेय साधनाला देऊ नका. अभ्यासक्रमात कोणत्याही साधनाचे परीक्षण लिहाल तेव्हा हा प्रश्न मधोमध ठेवा.

शोधनिबंध वाचताना मी पुढील गोष्टी आधी शोधतो. ज्या गटाने साधन वापरले नाही त्याला त्या वेळात काय दिले होते. प्रयोग किती काळ चालला, कारण नव्या वस्तूचे कुतूहल काही आठवडे आपोआप लक्ष वेधून घेते. दोन्ही गटांना शिकवणारी व्यक्ती एकच होती का. आणि शेवटची चाचणी साधन बनवणाऱ्यांनीच तयार केली होती का. विद्यार्थ्यांना साधन आवडले, हा निष्कर्ष शिकण्याचा पुरावा म्हणून मांडला जातो तेव्हा तर विशेष सावध राहावे.

आणि वर्गात तंत्रज्ञान किती खोलवर वापरले हे मोजणारी सामर नावाची चार पायऱ्यांची शिडी शिकवली जाईल, तिचाही फार धाक बाळगू नये. रुबेन प्वेन्तेदुरा यांच्या या मांडणीत पर्याय, सुधारणा, फेरबदल आणि नवनिर्मिती अशा चढत्या पायऱ्या आहेत, त्यामुळे वरची पायरी म्हणजे चांगले अध्यापन असा समज सहज होतो. २०१६ मध्ये हॅमिल्टन, रोझेनबर्ग आणि अक्काओग्लू यांनी तिची चिकित्सा करताना संदर्भाचा अभाव, ताठर श्रेणीरचना आणि प्रक्रियेपेक्षा उत्पादनावर दिलेला भर हे तीन आक्षेप नोंदवले. कमी दिसणाऱ्या मुलीला छापील उताऱ्याऐवजी तोच उतारा मोठ्या अक्षरांत पडद्यावर देणे ही शिडीची सर्वांत खालची पायरी झाली. त्या मुलीसाठी मात्र तीच सर्वांत मोठी गोष्ट आहे.

---

सहावी_तासिका

शंकेखोर यांच्या स्वस्त साधनाच्या प्रश्नाला एक नेमके उदाहरण जोडतो.

हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकात एक पद्धत रूढ केली. वर्गाला एक संकल्पनात्मक बहुपर्यायी प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने आधी एकट्याने विचार करून मत नोंदवायचे, उत्तरे मध्यम प्रमाणात बरोबर आली असतील तर शेजाऱ्याला आपले उत्तर पटवून द्यायला सांगायचे आणि मग पुन्हा मत घ्यायचे. जवळपास सगळेच बरोबर असतील तर पुढे जायचे, फारच थोडे बरोबर असतील तर चर्चेला न सोडता आधी पुन्हा शिकवायचे. यासाठी पुष्कळ ठिकाणी प्रत्येक विद्यार्थ्याला बटणांचे छोटे यंत्र दिले गेले. नेथॅनिएल लॅस्री यांनी २००८ मध्ये हीच पद्धत एका गटात अशा यंत्रांनी आणि दुसऱ्या गटात साध्या अक्षरपट्ट्यांनी चालवून पाहिली, तेव्हा शिकण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. शिकवत होती ती चर्चा. यंत्राचा उपयोग शिक्षकाला: मोजणी चटकन होते आणि नोंद राहते.

त्यामुळे माझा सल्ला असा की पहिल्या महिन्यात अ, ब, क, ड लिहिलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर सुरुवात करावी. मुले मतदानाला आणि चर्चेला सरावली की मग प्लिकर्ससारखे साधन घ्यावे, ज्यात मुलांच्या हातात छापील चौकोनी पत्ते असतात, पत्ता कोणत्या बाजूने धरला त्यावरून उत्तर ठरते आणि शिक्षक एकाच मोबाइलच्या कॅमेऱ्याने सगळा वर्ग टिपतो. प्रत्येक मुलाकडे उपकरण असण्याची गरज नाही, मुलांना खाती उघडावी लागत नाहीत, पासवर्ड विसरण्याचा प्रश्न येत नाही.

आणि इथे तुमचा अनुभव खराखुरा उपयोगी आहे. अशा प्रश्नाचा कस त्याच्या चुकीच्या पर्यायांत असतो. वरच्या आलेखाच्या प्रश्नात एक पर्याय टेकडीच्या आकाराचा ठेवला नाही, तर प्रश्न वाया गेला असे समजा. कोणता चुकीचा पर्याय मुलांना खुणावेल, हे ठरवताना जुन्या उत्तरपत्रिकांची आठवण कामी येते.

तांत्रिक बाजूची सूचना एवढीच: तासिकेचा मुख्य भाग इंटरनेटवर टांगून ठेवू नये. जे दाखवायचे ते आधीच उतरवून घ्यावे, आणि पडदा काळा पडला तर त्याच क्षणी फळ्यावर काय काढायचे हे पाठाच्या टाचणातच लिहून ठेवावे.

---

पुन्हा_फळ्यापाशी

आपणा सर्वांचे मनापासून आभार. अडखळण्याच्या जागांची यादी करायला बसले आणि ती अपेक्षेपेक्षा लवकर भरली: आलेख, ऋण संख्यांची वजाबाकी, घनता आणि वजन यांतील गोंधळ, बीजगणितातील बरोबरच्या चिन्हाला "आता उत्तर लिहा" अशी आज्ञा समजणे. अंतिम प्रकल्पासाठी आलेखाचा घटक घ्यावा असे वाटते आहे.

त्यावरून आणखी दोन शंका आहेत. सादरीकरणाच्या पट्ट्या, म्हणजे स्लाइड्स, आणि छोटे व्हिडिओ तयार करणे हा स्वाध्यायाचा मोठा भाग आहे, त्यात सजावटीकडे किती लक्ष द्यावे? आणि घरी लिहून आणायची कामे मुले कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करून घेतील हे गृहीत धरून ती बंदच करावीत, असे मत काही सहाध्यायींनी मांडले आहे. मला ते पटत नाही, पण माझ्याकडे त्याला उत्तरही नाही.

---

आकृतीवेडी

सजावटीबद्दल लिहिते, कारण रोजचे काम तेच आहे.

रिचर्ड मेयर यांनी शब्द आणि चित्रे एकत्र वापरून शिकवण्यावर अनेक दशके प्रयोग केले आहेत, आणि त्यांच्या निष्कर्षांतले तीन-चार पाळले तरी स्लाइड्सचा दर्जा पुष्कळ सुधारतो. त्यामागचा विचार असा की कामापुरती स्मृती फार लहान असते, आणि अनावश्यक गोष्टी तिच्यात जागा अडवतात. त्यामुळे विषयाशी संबंध नसलेली चित्रे, पार्श्वसंगीत आणि सरकत येणारी अक्षरे आधी काढून टाकावीत. ती निरुपद्रवी वाटतात, परंतु लक्ष तिकडे जाते.

हृदयाची आकृती घ्या. नेहमीच्या स्लाइडवर डावीकडे आकृती असते, तिच्यावर १ ते ८ आकडे असतात आणि उजवीकडे आकड्यांसमोर नावे. विद्यार्थी आकडा पाहतो, नाव शोधतो, परत आकृतीकडे येतो आणि एवढ्यात आपण काय शोधत होतो ते निसटते. नावे त्या त्या भागावरच लिहिली की हा फेरा वाचतो. पुढे, सगळी नावे एकदम न दाखवता रक्त ज्या क्रमाने फिरते त्या क्रमाने एकेक उघडावीत. आणि बोलताना पडद्यावरचा मजकूर शब्दशः वाचून दाखवू नये. मूल तेच वाक्य एकाच वेळी वाचते आणि ऐकते, त्यात मदत कमी आणि अडथळा जास्त. भाषा नवखी असलेल्या किंवा कमी ऐकू येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत मात्र हा नियम बाजूला ठेवावा लागतो, कारण त्यांना लिखित शब्दाचा आधार हवा असतो.

सुलभतेचा घटक शेवटी येणार असला तरी त्याची सवय पहिल्या फाइलपासून लावा. वेबवरील मजकुराच्या सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत साध्या आकाराच्या अक्षरांसाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातील उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे असे सांगितले आहे. फिकट राखाडी पार्श्वभूमीवरची पांढरी अक्षरे या कसोटीला उतरत नाहीत, आणि शेवटच्या बाकावरून तर ती कोणालाच दिसत नाहीत. आलेखात लाल आणि हिरवी अशा दोन रेषा असतील तर एक तुटक काढावी, म्हणजे रंग ओळखता न येणाऱ्या मुलालाही त्या वेगळ्या कळतील. व्हिडिओला उपशीर्षके द्यावीत आणि आपोआप तयार होणारी उपशीर्षके स्वतः वाचून दुरुस्त करावीत. पारिभाषिक शब्दांची त्यात फार मोडतोड झालेली असते.

---

शंकेखोर

गृहपाठाविषयी. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. ते बनवणाऱ्या ओपनएआय या कंपनीने स्वतःच जानेवारी २०२३ मध्ये यंत्राने लिहिलेला मजकूर ओळखणारे साधन आणले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये अचूकता कमी असल्याचे सांगून ते मागे घेतले. अशा ओळखयंत्राच्या भरवशावर मुलावर आरोप करणे मला अन्यायाचे वाटते; निर्दोष मुलावर एकदा शिक्का बसला की तो पुसणे अवघड असते.

पण म्हणून लेखन बंद करण्याचे कारण दिसत नाही. गुण कशाला द्यायचे आणि सराव कशाला म्हणायचे, ही दोन कामे वेगळी करावीत. गुणांसाठी जे लेखन हवे ते वर्गात, समोर बसून करून घ्यावे किंवा घरून आणलेल्या लेखनावर दोन मिनिटे तोंडी विचारावे. घरचा सराव बिनगुणांचा ठेवावा आणि त्याचा उपयोग दुसऱ्या दिवशीच्या छोट्या चाचणीत दिसू द्यावा. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवले की उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर जास्त आठवते, पण आठवड्यानंतर सरशी होते ती आठवून लिहिण्याची चाचणी दिलेल्यांची. हे मुलांना सांगितले तर यंत्राकडून गृहपाठ करून घेण्यात नुकसान कोणाचे, हे त्यांना समजते. सगळ्यांनाच पटेल असे म्हणत नाही.

तुमच्या विषयात याचा उलटा वापरही करता येईल. यंत्राने दिलेले आलेखाचे स्पष्टीकरण छापून वर्गात वाटावे आणि त्यातील प्रत्येक विधान आकृतीशी ताडून पाहायला सांगावे. ते कधी अचूक असते, कधी आत्मविश्वासाने चुकीचे, आणि कोणते विधान कोणत्या प्रकारचे हे ठरवायला आलेख समजावाच लागतो. छापून वाटण्याचा एक फायदा असा की मुलांना कोणत्याही सेवेवर स्वतःचे खाते उघडावे लागत नाही. बऱ्याच सेवांच्या अटींत वयाची किमान मर्यादा असते, तेव्हा शाळेच्या आणि पालकांच्या परवानगीशिवाय मुलांची नावे, छायाचित्रे किंवा उत्तरे अशा कोणत्याही ठिकाणी चढवू नयेत. तुमच्या अभ्यासक्रमाच्या प्रकल्पासाठी वर्गातील नमुने जोडावे लागले तरी हेच लागू आहे.

---

खडू_आणि_पडदा

आलेखाचा घटक निवडलात हे उत्तम झाले. प्रकल्पाची आखणी करताना एक काळजी घ्या. घटक सुरू करण्याआधी एक छोटी चाचणी घ्या, घटक संपल्यावर लगेच एक आणि काही आठवड्यांनी, विषय मागे पडल्यावर, आणखी एक. तिसरी चाचणी बहुतेक प्रकल्पांत नसते, कारण सत्र संपलेले असते. तुम्ही नोकरीत असल्याने ती घेणे तुम्हाला शक्य आहे, आणि शंकेखोर यांनी सांगितलेल्या नव्या वस्तूच्या कुतूहलाचा भाग त्यातूनच वेगळा काढता येईल. तिन्ही वेळा प्रश्न तेच नकोत, रचना तीच हवी: एकदा सायकलस्वार, एकदा पाळणा, एकदा उद्वाहन.

संवेदक मिळाला नाही तर अडून बसू नका. जिओजेब्रा हे मोफत साधन आहे. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये त्याची सुरुवात केली. त्यात एक बिंदू सरळ रेषेवर ओढत नेला की शेजारी त्याचा अंतर-काळ आलेख उमटेल अशी फाइल तयार करता येते, आणि ती बनवणे हाच तुमचा एखादा स्वाध्याय होऊ शकतो. एककालिकपणा राहतो. स्वतः चालण्याचा अनुभव मात्र त्यात जातो, म्हणून आधी मुलांना वर्गातल्या जागेत ठरावीक पावले टाकून चालायला लावावे, टाळ्यांच्या तालावर प्रत्येक टाळीला जागा खडूने जमिनीवर टिपून घ्यावी, त्या खुणांवरून फळ्यावर आलेख काढावा आणि मग जिओजेब्राकडे वळावे. कोणत्याही टप्प्यावर रेषा दाखवण्याआधी ती कशी येईल याचा अंदाज प्रत्येकाच्या वहीत काढून घ्यायचा. पडदा आधी दाखवला की सगळेच "मला तसेच वाटले होते" म्हणतात. वहीतले हे अंदाज खोडू देऊ नका. प्रकल्पाचा खरा विदा तोच आहे, आणि टेकडी किती वह्यांत होती हे त्यातच सापडेल.

शाळेत रुजू होण्याआधी संगणक कक्षाचे वेळापत्रक, प्रोजेक्टरची जोडणी कोणत्या प्रकारची आहे आणि बाहेरून आणलेली फाइल शाळेच्या संगणकावर उघडू देतात का, एवढे मुख्याध्यापकांना किंवा प्रयोगशाळा सहायकांना विचारून ठेवा. घटक वेळापत्रकात कधी येतो ते कळले की अभ्यासक्रमाच्या प्राध्यापकांना लगेच कळवा. प्रकल्पाची मुदत वर्गातल्या घटकाच्या आधी संपत असेल तर ती बदलून मागण्याची वेळ सत्राच्या सुरुवातीचीच असते.